आपलाच आवाज वगळताना

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातले इस्लापूर बहुतेकांना ठाऊक असते ते सहस्रकुंडच्या धबधब्यामुळे. पैनगंगा काळ्या खडकांवरून कोसळते, पलीकडचा काठ यवतमाळ जिल्ह्याचा आणि अलीकडचा इस्लापूरचा. मुदखेडहून आदिलाबादला जाणारी रेल्वे याच मुलखातून जाते. १९५६ पर्यंत किनवट तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, भाषावार प्रांतरचनेत तो नांदेडला जोडला गेला. राज्य बदलले, पण हैदराबादच्या आकाशाशी असलेला या भागाचा संबंध सुटला नाही, आणि तो चक्क सरकारी कागदावर आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील बलून केंद्रातून उड्डाणे ठरली की वारा फुगा कुठवर नेईल याचा अंदाज घेऊन तेलंगण, कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांना सूचना जाते. महाराष्ट्राच्या यादीत नांदेड आणि लातूर असतात. सूचनेचा मजकूर साधा असतो: मोठ्या रंगीत हवाई छत्रीला लांब दोरीने बांधलेली यंत्रे शेतात उतरू शकतात, ती उघडू नयेत, काहींमध्ये उच्च दाबाची वीज असते, जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा टपाल कचेरीला कळवावे. आकाशातून काही पडले तर ते आपणच वर पाठवलेले असण्याची शक्यता आधी तपासा, असाच याचा अर्थ झाला. परग्रहावरील जीवांचा आणि त्यांच्या संदेशांचा गेल्या पासष्ट वर्षांतला शोध पाहिला तर त्याचे सारे मर्म या सरकारी सूचनेत आलेले आहे. दूरचे काही सापडणे हा या शोधाचा इतिहास नाही. जे सापडले ते आपले नाही, याची खातरजमा कशी करायची हे माणूस हळूहळू शिकत गेला, तो खरा इतिहास. आणि त्या शिकण्यातला मोठा वाटा हैदराबाद आणि जुन्नर तालुक्यातले खोडद यांच्यामधल्या दख्खनने उचललेला आहे.

आधी शक्यतेचा हिशेब उरकून घेऊ, कारण या विषयावर बोलणारे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. अमेरिकेच्या फ्रँक ड्रेकने १९६१ मध्ये एक समीकरण मांडले. आकाशगंगेत तारे किती जन्मतात, त्यांतल्या किती जणांना ग्रह असतात, किती ग्रहांवर जीवन उगवते, त्यातून किती ठिकाणी बुद्धी आणि तंत्रज्ञान येते, आणि अशी संस्कृती किती काळ टिकते, या सगळ्यांचा गुणाकार. यातले पहिले दोन आकडे मोजण्याजोगे आहेत आणि ते मोजायला माणसांच्या पिढ्या लागल्या. ताऱ्यांची मोजदाद करणाऱ्यांत हैदराबादची निजामिया वेधशाळाही होती. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये ती उभारली आणि साऱ्या आकाशाचा छायाचित्रांवरून तारकासूची करण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात दक्षिणेकडचा उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा तिने पुरा केला. इस्लापूर त्या वेळी त्याच राज्यात होते. काचेच्या तबकड्यांवरचे ठिपके एकेक करून मोजणे हे रुक्ष काम, पण दुसऱ्या वस्तीचा प्रश्न अंदाजाने नव्हे तर नोंदीने सुटतो, ही शिस्त त्यातूनच आली. ग्रहांचे उत्तर १९९५ नंतर मिळू लागले. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परग्रह त्या वर्षी सापडला आणि आज नोंदलेल्या परग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली आहे. मात्र पुढचे आकडे, म्हणजे जीवन किती वेळा उगवते आणि संस्कृती किती टिकते, हे १९६१ इतकेच आजही अंधारात आहेत. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण ती एकाच भांड्यातल्या भाताची. आपल्याकडे शीत एकच, पृथ्वी, आणि भांडी किती आहेत हेही ठाऊक नाही. तेव्हा ‘एवढे अब्जावधी तारे, मग कुणीतरी असणारच’ हे वाक्य ऐकायला कितीही पटले तरी तो पुरावा नव्हे. शून्याजवळच्या आकड्याने अब्जाला गुणले तर काहीही येऊ शकते.

म्हणून हिशेब बाजूला ठेवून प्रत्यक्ष ऐकायला बसावे लागते. १९५९ मध्ये कोक्कोनी आणि मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवले की, कुणाला ताऱ्यांपलीकडे हाक मारायची असेल तर हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झ या वारंवारतेजवळ ती मारणे सोयीचे, कारण विश्वात सगळीकडे ती खूण सारखीच. पुढच्याच वर्षी ड्रेकने ग्रीन बँक येथील २६ मीटरच्या तबकडीने टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन जवळच्या ताऱ्यांकडे कान लावला. दुसऱ्या ताऱ्याकडे वळताच यंत्रावर ठळक स्पंदने उमटली. काही दिवसांनी ती पुन्हा आली तेव्हा बाजूला लावलेल्या छोट्या अँटेनातही ती ऐकू आली, म्हणजे ती ताऱ्याकडून येत नव्हती, माणसाचीच होती. शोधाच्या अगदी पहिल्या पानावर ही नोंद आहे. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल यांना १.३३७ सेकंदांच्या अचूक ठेक्याने येणारी स्पंदने मिळाली तेव्हा गमतीने त्यांना ‘छोटे हिरवे लोक’ असे नाव पडले होते. आकाशाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात तशीच दुसरी वस्तू सापडली आणि तो नैसर्गिक तारा, पल्सार, ठरला. ऑस्ट्रेलियाच्या पार्क्स दुर्बिणीत कित्येक वर्षे अधूनमधून दिसणाऱ्या चमत्कारिक स्पंदनांचा उगम २०१५ मध्ये कळला: वेधशाळेतल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार वेळेआधी उघडले की ती येत. त्याच दुर्बिणीने २०१९ मध्ये सूर्याच्या सर्वांत जवळच्या प्रॉक्झिमा सेंटॉरीच्या दिशेने पकडलेली ९८२ मेगाहर्ट्झची खूण तपासाअंती पृथ्वीवरचाच गोंधळ निघाली. १५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोत आलेला ७२ सेकंदांचा ‘वॉव’ संकेत तेवढा अजून अनिर्णित आहे, आणि त्याचे कारण एवढेच की तो पुन्हा कधी आला नाही. पुन्हा न येणाऱ्या खुणेबद्दल कितीही पुस्तके लिहिली तरी ती पुढे सरकत नाही.

महाराष्ट्राची या कामातली भूमिका कल्याणपासून सुरू होते. गोविंद स्वरूप यांनी सिडनीहून आलेल्या ३२ जुन्या छोट्या तबकड्या १९६५ मध्ये कल्याणजवळ उभ्या केल्या आणि त्यांच्या साहाय्याने सूर्याचे वेध घेतले. १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली. मग नारायणगावजवळ खोडदला महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ एका चौरस किलोमीटरच्या आसपास दाटीने आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन बाहूंवर, सारा पसारा २५ किलोमीटरचा. तबकड्यांना पत्रा नाही, तर ताणलेल्या दोरांवर बसवलेली अर्ध्या मिलिमीटरइतक्या बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी आहे. मीटरभर लांबीच्या लहरींना ती जाळी भिंतीसारखीच वाटते, आणि वारा मात्र आरपार जातो. वजन आणि खर्च दोन्ही आटोक्यात ठेवणारी ही युक्ती स्वरूप यांच्या गटाची. जागा खोडदच का, याचे उत्तर आपल्या विषयाला थेट भिडते. मुंबई-पुण्याच्या रेडिओ गोंगाटापासून डोंगरांचा आडोसा, आणि मीटरतरंगांत तेव्हा भारतात असलेली शांतता. ही दुर्बीण परग्रहवासीयांसाठी बांधलेली नव्हती. आद्य विश्वातला हायड्रोजन आणि पल्सार ही तिची मुख्य कामे. पण शांत जागा हेरणे, ती राखणे आणि आवाज कुणाचा हे ओळखणे, हे संदेश शोधणाऱ्यालाही लागणारे सारे कसब तिथे रोजच्या कामाचा भाग झाले. विजेच्या तारांवरच्या खराब चिनीमातीच्या चिमण्यांतून उडणारी ठिणगी ही तिथली जुनी डोकेदुखी. ठिणगी रेडिओच्या रुंद पट्ट्यात किरकिर करते, म्हणून अभियंते ती शोधत फिरतात आणि वीज मंडळाच्या लोकांकडून दुरुस्त करून घेतात. परिसरात कारखाना काढायचा तर जीएमआरटीचा ना-हरकत दाखला लागतो. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेची आखणीही याच कारणाने वळवण्याची वेळ आली. स्थानिकांना याची चीड येते, आणि ती अनाठायी नाही. रेल्वेची वाट पाहणाऱ्या माणसाला दहा अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन कसा समजावणार? तरीही असा प्रदेश एकदा गेला की पुन्हा मिळत नाही, हेही तितकेच खरे.

खोडदच्या कानाची ताकद एका प्रसंगाने मोजता येते. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे स्कियापरेली हे यान मंगळावर उतरत होते. त्याचा छोटा प्रक्षेपक मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांशी बोलण्यासाठी होता, पृथ्वीशी नव्हे. ४०१ मेगाहर्ट्झवरचा तो क्षीण आवाज साडेसतरा कोटी किलोमीटर ओलांडून जुन्नर तालुक्यात पोचला. खोडदच्या पडद्यावर त्याची रेघ उतरण्याच्या वेगाबरोबर सरकताना दिसली आणि जमिनीला टेकण्याच्या सुमारास अचानक तुटली. यान आदळले होते. इतक्या अंतरावरून इतका बारीक आवाज ओळखता आला, कारण वारंवारता, वेग आणि वेळ सगळे आधी ठाऊक होते. परक्या संस्कृतीच्या बाबतीत यातले काहीच ठाऊक नसते. म्हणून तिथे ओळखीच्या कसोट्या उलट्या बाजूने लावाव्या लागतात. खूण ताऱ्याकडे पाहताना दिसते आणि नजर बाजूला वळवताच जाते का? पृथ्वीच्या फिरण्यामुळे तिची वारंवारता अपेक्षेइतकी सरकते का? एकमेकींपासून वीस किलोमीटरवर असलेल्या तबकड्यांत ती एकसारखी येते का? जवळच्या विजेच्या खांबावरची ठिणगी एका तबकडीला ठळक आणि दुसरीला अदृश्य असते, ताऱ्याकडून आलेली लहर मात्र सगळ्यांना सारखी. एकाच मोठ्या तबकडीपेक्षा पसरलेल्या तीस तबकड्या या कामाला अधिक खात्रीच्या का, ते यातून कळते.

आकाशाकडे जाण्याची दुसरी वाट हैदराबादहून निघते, आणि इथे जयंत नारळीकर येतात. १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ कथा लिहून मराठी विज्ञान परिषदेचे बक्षीस मिळवणारे, ‘प्रेषित’ लिहिणारे नारळीकर परग्रहावरील जीवनाकडे नुसती कथावस्तू म्हणून पाहत नव्हते. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचे म्हणणे होते की जीवाणू धूमकेतूंबरोबर अवकाशातून पृथ्वीवर येत असतात. ते खरे असेल तर खूप उंचावरच्या हवेत ते सापडायला हवेत, आणि हे तपासता येण्याजोगे आहे. २००१ मध्ये त्यासाठी हैदराबादहून फुग्याचे पहिले उड्डाण झाले. २० एप्रिल २००५ च्या दुसऱ्या उड्डाणात अडीच कोटी घनफुटांहून मोठ्या फुग्याने ४५९ किलोंची यंत्रसामग्री वर नेली. तिच्यात निर्जंतुक केलेल्या, आतली हवा काढून टाकलेल्या सोळा पोलादी नळ्या होत्या, आणि त्या ३८ किलो द्रव निऑनमध्ये बुडवलेल्या. निऑन उणे २४६ अंशांना उकळतो. त्या थंडीत नळीत शिरलेली हवा भिंतीवर लगेच गोठते, आतले पोकळपण तसेच राहते आणि नळी बाहेरची हवा ओढतच राहते. ४१ किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो, तिथून काही हाती लागावे तर असाच उपाय लागतो. २० ते ४१ किलोमीटरच्या वेगवेगळ्या थरांत नळ्या भरल्या, छत्रीने खाली आल्या, आणि त्यांची तपासणी हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, दोन्हीकडे स्वतंत्रपणे झाली. मार्च २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती. त्यांतले नऊ जीवाणू पृथ्वीवरच्या ओळखीच्या जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळणारे, तर तीन अगदी नव्या जातींचे. त्यांना हॉइल, इस्रो आणि आर्यभट यांच्यावरून नावे मिळाली: जॅनिबॅक्टर हॉइली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय. तिन्ही जवळच्या नातलगांपेक्षा अतिनील किरणांना अधिक दाद न देणारे. इस्रोने सोबत लिहिले की हे जीव पृथ्वीबाहेरचे असल्याचे यातून निर्विवाद सिद्ध होत नाही.

पद्धत म्हणून हा प्रयोग आदर्श होता, आणि पुरावा म्हणून लंगडा. दोन प्रयोगशाळांच्या तपासणीने नळीतला जीव प्रयोगशाळेतली भेसळ नाही एवढे निश्चित झाले, तो इतक्या उंचीवर कुठून आला हे नाही. पृथ्वीवरच्या पोषक द्रव्यात जे वाढते आणि पृथ्वीवरच्या जीवांसाठी बनवलेल्या जनुकचाचणीला जे ओळख देते, तेच या गाळणीतून खाली आले. आपल्याशी नाते नसलेला जीव या गाळणीत दिसलाच नसता. यावर पॅनस्पर्मियावाद्यांचे, म्हणजे हॉइल यांच्यासारखे जीवन अवकाशातून आले असे मानणाऱ्यांचे, उत्तर ठरलेले: पृथ्वीवरचे जीवनच अवकाशातून आले असेल तर तिथले जीव आपल्यासारखे असणारच. हे उत्तर तर्काला धरून आहे, पण मग सापडणारा कुठलाही जीवाणू दोन्ही बाजूंनी खपतो, आणि जो पुरावा दोन्ही बाजूंनी खपतो तो पुरावा उरत नाही. पुढची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. आर्यभटांचे नाव मिळालेला तो जीवाणू पुढे जगभर मातीत, पिकांच्या मुळांभोवती सापडत गेला. २०१४ मध्ये इंदूरच्या सोयाबीन संशोधकांनी मध्य भारतातल्या काळ्या कापसाच्या जमिनीत सोयाबीन आणि गव्हावर त्याच्या वाणांचे प्रयोग केले, कारण तो मातीतले जस्त विरघळवून पिकाला मिळवून देतो. ज्याचे नाव खूप उंचावरच्या हवेतून जगाला कळले, तो लातूर-नांदेडच्या सोयाबीनला परका नसेल असे मानायला मग जड जात नाही. तो जमिनीवर होता, आपण तिथे त्याला पाहिले नव्हते, एवढेच. आधी वर दिसला आणि मग खाली, म्हणून तो वरून खाली आला असे नाही. जमिनीवरून जीवाणू इतक्या उंच जाणार कसे, हा नारळीकरांचा आक्षेप मात्र पोकळ नव्हता. सोव्हिएत संशोधकांनी १९७८ मध्ये रॉकेटच्या साहाय्याने ४८ ते ७७ किलोमीटरवरही सूक्ष्मजीव मिळाल्याचे प्रसिद्ध केले होते आणि तिथवर ते पोचतात कसे हे पुरते उलगडलेले नाही. पण उलगडले नाही म्हणजे परग्रहाचे, ही उडी त्यातून घेता येत नाही.

इथे कुणी म्हणेल की इतकी कडक चाळणी लावली तर खरा संदेशही आपण गोंगाट म्हणून फेकून देऊ. हा धोका आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण इतिहास वेगळे सांगतो. पल्सार हा असाच कुणालाही अपेक्षित नसलेला, आधी माणसाचा वाटलेला संकेत होता, आणि तो चाळणीतून टिकला, कारण तो पुन्हा आला, दुसरीकडेही सापडला आणि दुसऱ्या वेधशाळांनाही दिसला. खरी गोष्ट वारंवार तपासायला मिळते. दुसरा आक्षेप असा की इतक्या वर्षांत काहीच ऐकू आले नाही, तर तिथे कुणी नाही हेच सिद्ध झाले. २०१८ मध्ये जेसन राइट, शुभम कनोडिया आणि एमिली ल्युबार यांनी आजवर तपासलेल्या दिशा, वारंवारता, वेळ आणि संवेदनशीलता यांचा एकत्र हिशेब मांडला. त्यांच्या मते पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांच्या तुलनेत आपण एखाद्या छोट्या हौदाएवढे पाणी पाहिले आहे. तेवढ्या हौदात मासा नाही म्हणून समुद्र निर्जीव ठरत नाही. अर्थात समुद्रात मासे आहेत हेही त्यातून ठरत नाही. तिसरा आक्षेप मराठवाड्यात सगळ्यात मोठ्याने येईल: जिथे पिण्याच्या पाण्याची वानवा, तिथे ताऱ्यांकडे कान लावण्याची चैन कशाला? याला माझे उत्तर असे की या शोधासाठी भारताने वेगळा मोठा खर्च कधी केलेलाच नाही. जगातला सगळ्यात मोठा ऐकण्याचा प्रकल्प, २०१५ चा ब्रेकथ्रू लिसन, खासगी पैशावर चालतो. आपल्याकडे खोडदची तबकडी पल्सारसाठी आहे, हैदराबादचा फुगा वैश्विक किरण आणि वातावरणासाठी आहे. परग्रहवासी असले तर त्याच कानात पडतील.

खरी अडचण आता निराळ्या बाजूने आली आहे. खोडदला डोंगरांचा आडोसा होता तो जमिनीवरच्या गोंगाटापासून. डोक्यावरून जाणाऱ्या हजारो उपग्रहांना डोंगर अडवत नाही. २०२३ मध्ये युरोपच्या लोफार दुर्बिणीने दाखवून दिले की इंटरनेट पुरवणारे उपग्रह त्यांच्या ठरलेल्या पट्ट्याबाहेरही, ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या आसपास, रेडिओ लहरी गळू देतात. त्याच सुमाराला, जानेवारी २०२४ मध्ये, भारत सरकारने स्क्वेअर किलोमीटर अॅरे या दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या दुर्बिणीसाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले आणि त्यातले बरेच काम पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे आले. ओसाड वाळवंटे शोधून ही दुर्बीण उभी राहत असली तरी वरून येणारा आवाज तिलाही आहेच. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने प्रत्युष नावाची रेडिओ मोहीम आखली आहे. तिचे काम विश्वातल्या पहिल्या ताऱ्यांचा माग काढण्याचे, संदेश शोधण्याचे नाही. पण ती चंद्राच्या कक्षेत जाणार आहे, आणि चंद्राच्या पाठीमागून जाताना, पृथ्वी आड गेलेली असेल तेवढ्याच वेळात, ती मोजमाप करणार आहे.